आमच्या घरचा यहूदा

आमच्या चर्चच्या भिंतीवर माझा नवरा यहूदा होऊन बसला आहे. बाहेरगावचे पाहुणे आले की चित्रासमोर उभे राहतात, आधी येशूकडे बघतात, मग एकेक शिष्य ओळखत ओळखत त्याच्यापाशी येऊन थांबतात. गावातलं कोणीतरी त्यांच्या कानाशी लागतं. पाहुणे वळून माझ्याकडे बघतात. मी मान हलवते. हो, तोच.

हे कसं झालं ते सांगण्याआधी एक गोष्ट सांगून टाकते. आमच्या मंडळीचं कबरस्तान नदीच्या वरच्या अंगाला आहे. तिथे माझे आईवडील आहेत, भाऊ आहे, आणि त्याच ओळीत माझी जागा धरलेली आहे. माझ्या जागेच्या शेजारी एक जागा रिकामी. मंडळीचा नियम असा, की बाप्तिस्मा झालेलाच माणूस तिथे पुरायचा. माझ्या नवऱ्याचा झालेला नव्हता. मला तो शेजारी हवा होता. का हवा होता, हे विचारू नये. जन्मभर तो घोरला आणि मी जागी राहिले. तरी हवा होता.

लग्न झाल्यापासून दर रविवारी तो मला चर्चच्या दारापर्यंत सोडायचा आणि बाहेर चिंचेखाली बसून बिडी ओढायचा. पाऊस आला तर पडवीत सरकायचा. त्याच्या पलीकडे आत नाही. किती पाळक आले आणि बदलून गेले. प्रत्येकाने त्याला धरून बघितलं. तो सगळं ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा, आणि होळी आली की नाचायला निघून जायचा. एका वर्षी तर थेट डोंगरातल्या काठी गावच्या मोठ्या होळीपर्यंत गेला. परत आला तो मोरपिसांचा टोप डोक्यावर तसाच ठेवून, आणि मला म्हणाला, भाकर वाढ.

"तुझा देव चांगला आहे," असं तो म्हणायचा. "माझी त्याच्याबद्दल काही तक्रार नाही."

"मग आत ये."

"तक्रार नाही म्हटलं. काम आहे असं कुठे म्हटलं?"

आम्ही घरी आमच्या मावची बोलीत बोलतो आणि एकमेकांना तूच म्हणतो. इथे मी ते मराठीत लिहिते आहे, म्हणून तो आहे त्यापेक्षा थोडा शहाणा वाटेल.

मग चर्चची दुरुस्ती निघाली. नवीन पाळक आले होते, वयाने लहान, नुकतं शिकून आलेले. समोरच्या कोऱ्या भिंतीवर प्रभूच्या शेवटच्या भोजनाचं चित्र असावं असं त्यांच्या मनात आलं. पंचांनी होकार दिला. पंच म्हणजे मंडळीचा कारभार बघणारी माणसं. एरवी ती एकमेकांना होकार देत नाहीत, पण भिंतीबद्दल कोणाचं काही म्हणणं नव्हतं.

पेंटर शहाद्याहून आला. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शाळांच्या भिंती, देवळांचे कळस, हे सगळं त्याने रंगवलेलं. आता पाट्या छापून मिळतात, म्हणून तो कुठेही यायला तयार होता. पाळकांनी त्याला आपल्या घरातलं कॅलेंडर आणून दिलं. त्यावर हेच भोजन होतं, पण उन्हाने उडालेलं. पेंटरने पहिल्यांदा येशूच काढला. आम्ही बाया बघायला गेलो. येशू निळसर होता, ओठांवर गोड हसू, आणि खांद्यावर धनुष्य तेवढं नव्हतं.

"हे राम झाले," पाळक म्हणाले.

"मन्हा हात रामवर बठेल शे, साहेब," पेंटर म्हणाला. त्याला वाईट वाटलेलं दिसलं नाही. त्याने दुसऱ्या दिवशी चित्राला दाढी रंगवली, निळा रंग पुसून गव्हाळ केला आणि येशू झाला. अजूनही बाजूने बघितलं तर वनवासाला निघाल्यासारखा वाटतो.

बाकी चेहरे कॅलेंडरवर दिसतच नव्हते. पेंटर म्हणाला, जिवंत माणसं बसवा, त्यांना बघून काढतो. इथे खरा गोंधळ सुरू झाला. पंचांना एकाएकी वेळ मिळू लागला. थोरल्या पंचाने पेत्र आपल्याकडे घेतला, कारण पेत्राकडे स्वर्गाच्या किल्ल्या असतात आणि चर्चच्या किल्ल्या यांच्याकडे असतात. पेंटरने त्यांच्या हातातला जुडगा बघून तसाच काढला. नीट बघितलं तर त्यात दानपेटीचीही किल्ली आहे. योहान व्हायला कोणी तयार होईना. अशा चित्रांत तो नेहमी बिनदाढीचा, लांब केसांचा, बाईसारखा दिसतो. शेवटी शाळेचे मास्तर बसले. त्यांच्या बायकोने त्यांना ते अजून विसरू दिलेलं नाही.

ताटात काय काढायचं, यावरही चर्चा झाली. शास्त्रात भाकर लिहिली आहे, म्हणून पेंटरने भाकरी काढली. आम्ही विचारलं कशाची. त्याने विचारलं, कशाची म्हणजे? मग बायांमध्ये दोन तट पडले, तांदळाची आणि ज्वारीची. तांदळाची जिंकली, कारण पांढरा रंग उरलेला होता.

पेंटरची काम करायची रीत अशी, की एका रंगाचं काम एकदमच उरकायचं. सोनेरी रंगाचा डबा उघडला की वाळायच्या आत संपवायचा. त्याने माझ्याकडून जेवायची थाळी मागून नेली, भिंतीवर टेकवली, आणि डोक्यांमागची सोनेरी चक्रं एका दमात रंगवून टाकली. काही डोकी अजून यायची होती. पाळक दुपारी आले आणि मोजू लागले.

"यहूदाला चक्र नको," ते म्हणाले. "त्याने प्रभूला धरून दिलं."

"तो कोनता?"

"अजून काढलेला नाही."

"मंग मले कसं समजी?"

मग एक चक्र यहूदाचं ठरवून तपकिरी रंगाने झाकलं. खाली तेलाचा रंग, वर साधा. पावसाळ्यात भिंत ओल धरते तेव्हा ते अजून वर येतं. इतरांची सोनेरी आणि त्याचं ओल्या बिस्किटाच्या रंगाचं, पण येतं.

शेवटी यहूदा राहिला. कोणीच बसेना. पाळक म्हणाले, मनातून काढा.

"मनमाथून काढसू ते रावण व्हई जाई," पेंटर म्हणाला.

दोन दिवस काम थांबलं. तिसऱ्या दिवशी पेंटर चिंचेखाली बिडी पेटवायला गेला. तिथे माझा नवरा. दोघांनी एका काडीवर दोन बिड्या पेटवल्या. पेंटर त्याच्याकडे बघत राहिला, मग मला शोधत घरी आला. "आजी, बाबानं तोंड एकदम बरोबर शे."

हे ऐकायला कोणत्या बाईला आवडेल? मी नवऱ्याला बसवून यहूदाने काय केलं ते सगळं सांगितलं. मी चौथी शिकले, पण शास्त्र मला चांगलं येतं. तीस रुपये कसे घेतले, मुका घेऊन कसं दाखवून दिलं, मग ते रुपये देवळात फेकून कसा गळफास घेतला.

तो सगळं ऐकून म्हणाला, "त्या दिवशी जेवायला होता का तो?"

"होता."

"त्याला उठवलं नाही कोणी?"

"नाही."

"मग काय झालं? जेवतानाचंच चित्र आहे ना?"

"लोक तुला हसतील."

"लोक आत्ताही हसतात. आता बसून हसतील, मी पण बसलेला."

तो गेला. पेंटरने त्याला पिवळी चादर गुंडाळायला दिली, कॅलेंडरवरच्यासारखं मीठ सांडलेलं दाखवायला कोपराजवळ वाटी पालथी ठेवली आणि म्हणाला, पैशांची थैली घट्ट धरा. थैली आणलेली नव्हती. नवऱ्याने कमरेची तंबाखूची चंची काढून धरली. म्हणून आमच्या चर्चमध्ये यहूदाच्या मुठीत चंची आहे आणि तिच्यातून चुन्याच्या डबीचं टोक दिसतं. दुसरा हात ताटाकडे गेलेला. येशूचाही हात त्याच ताटाकडे. पाळकांनी ते मुद्दाम तसं काढायला लावलं, शास्त्रात तसं आहे म्हणून.

बसल्या बसल्या नवऱ्याने एकच शंका काढली. "हे सगळे एकाच बाजूला का बसलेत? पंगत अशी असते का?"

"समोर बसाडसू ते नुसती पाठ दिसी," पेंटर म्हणाला. "पाठ पाह्यले कोन येई?"

चित्र झालं. पहिल्या रविवारी मी चर्चमध्ये शिरले आणि मागून चपला काढल्याचा आवाज आला. नवरा. तो सरळ पुरुषांच्या बाजूला जाऊन चित्राच्या बरोबर समोर बसला. गाणी झाली, प्रार्थना झाली, प्रवचन झालं, तो हलला नाही. पाळकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला कारण माहीत होतं, म्हणून माझ्या आलं नाही.

घरी जाताना तो म्हणाला, "कान मोठा काढलाय."

"आहेच मोठा."

पुढच्या रविवारी परत आला. त्याच्या पुढच्यालाही. तो प्रवचन लक्ष देऊन ऐकायचा, कारण आपलं नाव कधी येतं याची वाट बघायचा. बहुतेक वेळा यायचं नाही. मग पाळक कोणाकोणाबद्दल फुकट बोलत बसतात असं म्हणायचा. गुड फ्रायडेच्या आधीच्या उपासनेत मात्र आलं. पाळक यहूदाचं बोलू लागले तशी सगळ्यांची डोकी त्याच्याकडे वळली. त्याने उठून सगळ्यांना हात जोडले आणि खाली बसला.

त्या पावसाळ्यात त्याची छाती भरू लागली. चिंचपाड्याच्या दवाखान्यात दाखवलं. हृदय मोठं झालंय, बिडी बंद करा, असं सांगितलं. त्याने बिडी बंद केली नाही, पण पुरण्याचं विचारू लागला.

"तो यहूदा मेल्यावर कुठे पुरला?"

"माहीत नाही. पण त्याच्या पैशांनी कुंभाराचं शेत घेतलं. परक्या लोकांना पुरायला."

"म्हणजे ज्यांचा बाप्तिस्मा नाही त्यांना?"

"तसंच काहीसं."

त्याने हातातली बिडी विझवली. मग म्हणाला, "आपल्याकडे कुंभाराचं शेत नाही."

"नाही."

"मग मी बाप्तिस्म्याचं पाणी घेतो. सांग पाळकाला."

मी उठले, चुलीवरचं भांडं उतरवलं आणि त्याच पावली पाळकांकडे गेले. इतकी वर्षं ज्यासाठी प्रार्थना केली ते तो आंघोळीला पाणी मागावं तसं बोलला होता. पाळकांनी माझे दोन्ही हात धरले. मी म्हटलं, हात सोडा आणि तारीख सांगा.

तारीख पंचांनी अडवली. थोरल्या पंचाचं म्हणणं असं: माणूस मंडळीबाहेरचा होता म्हणून यहूदा चालला. आता तो मंडळीत आला तर मंडळीतला माणूस यहूदा होतो. बाहेरचे काय म्हणतील? म्हणून आधी भिंतीवरचं तोंड बदलायचं, मग बाप्तिस्मा.

मला यात काही अडचण दिसली नाही. मी घरी येऊन सांगितलं. नवरा खाटेवर उठून बसला.

"तोंड काढलं तर मी पाणी घेत नाही."

"का?"

"मी आत आलो तो त्या तोंडाला बघायला. ते पुसलं तर मी आत कशाला जाऊ? परत चिंचेखाली बसेन."

"तुला दुसरा शिष्य करतील. चांगला."

"त्या जागी बसलेल्याला उठवायचं? मला नाही आवडत असं."

"अरे, तो देवाचा दुश्मन होता!"

"देवाने ताट ओढून घेतलं नाही. तू कशाला ओढतेस?"

मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. माझं म्हणणं साधं होतं. रंग म्हणजे रंग. जागा म्हणजे जमीन. रंगासाठी जमीन घालवायची हा कुठला शहाणपणा? त्याची छाती वाजत होती, पाऊस लागलेला होता, आणि हा कानासकट तोंड राहिलं पाहिजे म्हणून बसला होता.

पंचांची बैठक चर्चमध्येच भरली. बायांना बोलावत नाहीत. मी चहा घेऊन गेले. चहा देणाऱ्या बाईला कोणी बाहेर जा म्हणत नाही. कप वाटून झाल्यावर मी विचारलं, "तोंड बदलायचं ना? बदला. पेंटरला मी निरोप देते. नवीन तोंड कोणाचं?"

पंचांनी कप तोंडाला लावले.

"मनातून त्याला येत नाही. रावण होतो. कोणीतरी बसायला लागेल."

थोरला पंच म्हणाला, "बाहेरचा बघू कोणी."

"बाहेरचा उद्या आत आला तर परत रंग काढायचा?"

"मग माझ्याकडे काय बघतेस, वहिनी? मी पेत्र आहे."

मास्तर हळूच म्हणाले की पेत्रानेही प्रभूला ओळखत नाही असं सांगितलं होतं, तीनदा, कोंबडा आरवायच्या आधी. थोरल्या पंचाने त्यांच्याकडे असं बघितलं, की मास्तर परत योहान झाले. एक जण म्हणाला, तोंड भिंतीकडे फिरवून पाठच काढू. त्यावर चर्चा झाली की चंची कुठल्या हातात दिसेल. चहा संपला. काहीच ठरलं नाही. पाळक एवढा वेळ खाली बघत बसले होते. मी कप गोळा करून घरी आले. त्या दिवशी मी मनात धरलं, की रिकामी जागा रिकामीच राहणार. माझी जागा दुसऱ्या कोणाला द्या असं सांगून टाकावं, असंही वाटलं. सांगितलं नाही. शब्द तोंडात आला होता.

पुढच्या आठवड्यात नवऱ्याचा श्वास अडकला. गाडी सांगितली होती, पण नाल्याला पाणी होतं, उतरेपर्यंत थांबायचं होतं. सकाळची वेळ. पाळक गुडघ्याएवढ्या चिखलातून आले. खाटेजवळ बसले, प्रार्थना केली, आणि विचारलं, "बाबा, विश्वास आहे ना?"

नवऱ्याने एक श्वास ओढला. "तोंड राहील का?"

पाळकांनी माझ्याकडे बघितलं. मी दाराकडे बघितलं. त्या मुलाची ही पहिलीच मंडळी. पंच नाराज झाले तर पाळकांची बदली व्हायला वेळ लागत नाही, हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

"राहील," ते म्हणाले.

"पंच?"

"त्यांना मी सांगेन. विश्वास आहे का?"

"आहे. कधीचाच. मला कोणी असं विचारलं नव्हतं, आत ये एवढंच म्हणायचे."

मी लोट्यात पाणी आणलं. पाळकांनी त्याच्या डोक्यावर तीनदा घातलं. पाणी थंड होतं. तो तेवढ्या श्वासातही चरफडला. नाल्याचं पाणी उतरलं, गाडी आली, आम्ही त्याला दवाखान्यात नेलं.

मग तो बरा झाला. हे कोणी धरून चाललेलं नव्हतं. पंचांनी तर मरणाऱ्या माणसाचा बाप्तिस्मा म्हणून राग गिळला होता. आता माणूस काठी टेकत घरी आला, बाप्तिस्मा परत घेता येत नाही, आणि भिंतीवर तोंड तसंच. थोरला पंच गावभर सांगत सुटला, "यहूदाला मी प्रभुभोजन देणार नाही. दुसरा कोणी द्या."

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीच्या तुकड्यांचं ताट पंच रांगेतून फिरवतात आणि ज्यांचा बाप्तिस्मा झाला आहे ते एकेक तुकडा घेतात. त्या रविवारी चर्च भरलेलं होतं. जे ईस्टरलाही येत नाहीत ते आले होते. नवरा नेहमीच्या जागी, चित्रासमोर. मी बायांच्या बाजूला. मला भीती वाटत होती असं म्हणणार नाही. गाण्यांचं पुस्तक उलटं धरलं होतं एवढंच. इथे ताट त्याला न देता पुढे गेलं, तर तिकडे कबरस्तानातली जागाही गेली. हे पंच तोंडाने बोलत नसले तरी सगळ्यांना कळत होतं.

पुरुषांच्या रांगेचं ताट नेहमी थोरल्या पंचाकडेच असतं. त्याला ते दुसऱ्याला देता आलं असतं. दिलं नाही, हातातलं सोडायची त्याला सवय नाही. तो एकेकाला देत देत आला आणि माझ्या नवऱ्यासमोर थांबला. लोक एकदा भिंतीकडे बघत होते, एकदा बाकाकडे. भिंतीवर पेत्र किल्ल्या घेऊन बसलेला, यहूदाचा हात ताटाकडे. बाकावर नवऱ्याने हात पुढे केला. घाई केली नाही, मागेही घेतला नाही.

पंचाने वर चित्राकडे बघितलं. तिथल्या स्वतःकडे बघितलं की यहूदाकडे, ते मला पाठीमागून दिसलं नाही. मग ताट खाली केलं.

"घे, बाबा."

नवऱ्याने तुकडा उचलला, उलटून बघितला आणि सगळ्या चर्चला ऐकू जाईल असं म्हणाला, "एवढाच?"

पाळकांनी पटकन गाणं सुरू केलं.

उपासना सुटल्यावर मी त्याला कबरस्तानात घेऊन गेले. नियमाप्रमाणे जागा दाखवून पंचांना सांगायचं असतं, आणि मला ते त्याच दिवशी उरकायचं होतं, कोणाचं मत फिरायच्या आत. त्याला चढ चढायला वेळ लागला. मी जागा दाखवली. ही माझी, ही तुझी. त्याने काठीने जमीन टोकरली.

"दगड फार आहेत."

"असू देत. तुला खणायचं नाही."

"खणणारा शिव्या देईल. मला का उगाच?"

तो खाली बसला आणि दगड उपटून कुंपणापलीकडे टाकू लागला. हळूहळू, मधेमधे दम खात. मी सावलीत जाऊन बसले. थोड्या वेळाने बघितलं तर त्याची बाजू बरीच साफ झाली होती आणि तो काठी शोधत उठायला लागला होता.

"बस," मी म्हटलं. "माझ्या बाजूचेही काढ."